दुसऱ्याच्या मापाचं भिंग

पोलरॉइड कंपनीने १९६३ साली ‘ऑटोमॅटिक १००’ नावाचा घडीचा कॅमेरा बाजारात आणला. त्यावर १, २, ३ असे आकडे छापलेले आहेत. एक नंबरची कळ सरकवली की फोकस, दोन नंबरचं बटण दाबलं की फोटो, तीन नंबरचा दांडा ओढला की शटर पुढच्या फोटोसाठी ताणून तयार. उजेड किती आहे, छिद्र केवढं उघडलंय, शटर किती वेळ उघडं राहणार, यातलं काही वापरणाऱ्याला विचारत नाहीत, सांगतही नाहीत. ज्याला एक ते तीन मोजता येतं त्याला फोटो काढता येतो, एवढाच करार.

जगात काही माणसं अशी आहेत की ती हा जुना कॅमेरा विकत घेतात, टेबलावर उलगडतात, स्क्रूड्रायव्हर हातात घेतात आणि तो करार मोडतात. पुढचं भिंग, त्याच्यासोबतचं विजेवर चालणारं शटर, उजेड मोजणारा डोळा, सगळं उपसून काढतात आणि तिथे एखाद्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेलं किंवा दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचं भिंग बसवतात. मग उजेड वेगळ्या मीटरने मोजावा लागतो, छिद्र आणि शटरचा वेग हाताने लावावा लागतो, आणि फोकस... फोकसचं प्रकरण पुढे येईलच. इतका सोपा कॅमेरा मुद्दाम अवघड करून घेण्याची ही हौस बघणाऱ्याला उफराटी वाटते. ती तशी आहे का, हे ठरवायला आधी तो सोपेपणा कुठून आला ते पाहायला हवं.

पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांची सांता फेमधली गोष्ट पोलरॉइडवरच्या प्रत्येक लेखात येते आणि येऊन येऊन गुळगुळीत झाली आहे. १९४३ साली सुटीवर असताना त्यांनी मुलीचा फोटो काढला आणि तीन वर्षांच्या जेनिफरने विचारलं, तो आत्ता का दिसत नाही? गोष्ट गोड आहे, पण तिच्यातलं खरं महत्त्वाचं पुढे घडलं. लँड यांनी त्या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात शोधलं. निगेटिव्ह आणि कागद समोरासमोर ठेवायचे, त्यांच्या मध्ये रसायनाची पुडी फोडायची, दोन पोलादी रुळांमधून हे सगळं दाबून बाहेर ओढायचं आणि ठरल्या वेळाने सोलून वेगळं करायचं. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कला ऑप्टिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी स्वतःचाच फोटो असा सोलून दाखवला. पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबर १९४८ला, बॉस्टनच्या जॉर्डन मार्श दुकानात ‘मॉडेल ९५’ विक्रीला ठेवला. किंमत ८९.७५ डॉलर. त्या दिवशी ठेवलेले कॅमेरे त्याच दिवशी संपले.

‘९५’चं भिंग होतं १३५ मिलिमीटरचं, एफ/११. हा एफचा आकडा जितका मोठा तितकं भिंग उजेडाच्या बाबतीत कंजूष. पंधरा वर्षांनी ‘ऑटोमॅटिक १००’ आला तेव्हा भिंग ११४ मिलिमीटरचं आणि एफ/८.८ झालं. सुधारणा झाली, पण त्याच काळातल्या जपानी आणि जर्मन कॅमेऱ्यांच्या मानाने हा आकडा अगदीच बेताचा. म्हणून पुष्कळांची समजूत होते की पोलरॉइडने भिंगात पैसे वाचवले. पुढच्या काही स्वस्त मॉडेलांत कंपनीने प्लॅस्टिकची भिंगं घातली, त्या मॉडेलांबाबत ते खरंही आहे. पण ‘१००’चं भिंग तीन काचांचं, अस्सल काचेचं आहे आणि चांगलं आहे. एफ/८.८ ठरवण्यामागे हिशेब होता. दीड मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला तर या भिंगात साधारण ३० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं त्यात मावतं, वर चूक करायला जागा उरते. फोकस थोडा पुढेमागे झाला तरी मामाचा चेहरा ओळखू येतो. ज्या कॅमेऱ्याचं फिल्म महाग आणि फोटो एकुलता एक, तिथे हा उदारपणा फार मोलाचा. उजेडाची उणीव भरून काढायला १९५९पासून ३००० संवेदनशीलतेचं कृष्णधवल फिल्म होतंच.

एक ते तीन आकड्यांमागे अभियंत्यांनी केलेली मेहनतही थोडी नाही. ‘१००’चं शटर ट्रान्झिस्टरवर चालतं. भिंगाशेजारचा डोळा उजेड मोजतो आणि पुरेसा प्रकाश आत आला की विद्युतचुंबक शटरचं दुसरं पातं सोडून देतो. बॅटरी संपली की चुंबकात ताकद नसते, पातं लगेच पडतं आणि फोटो काळा येतो. जुना कॅमेरा विकत घेणारे शटरचा नुसता आवाज ऐकूनच त्याची बॅटरी जिवंत आहे की नाही ते ओळखतात. कॅमेऱ्याचं बाह्यरूप रचनाकार हेन्री ड्रायफस यांच्या कार्यालयातून आलं. थंडीत रसायन मंदावतं, त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची दोन पानी पट्टी मिळायची. फोटो तिच्यात ठेवायचा आणि पट्टी कोटाच्या आत, अंगाच्या उबेला धरून बसायचं. वापरणाऱ्याला काय काय करायला लागू नये याचा इतका बारीक विचार दुसऱ्या फार थोड्या कॅमेरा कंपन्यांनी केला असेल.

इथे एक मेख आहे. पोलरॉइडच्याच घरात दुसरी एक चूल पेटलेली होती.

१९५२ साली कंपनीने ‘११० पाथफाइंडर’ काढला, त्यात वोलेनसाक कंपनीचं एफ/४.५ भिंग. १९५७च्या ‘११०ए’मध्ये जर्मनीच्या रोडेनश्टॉकचं ‘इसारेक्स’ आलं, १२७ मिलिमीटर, एफ/४.७, चार काचांचं. १९६०च्या ‘११०बी’मध्ये तेच भिंग आणि बघायला एकच खिडकी. या कॅमेऱ्यांत छिद्र आणि शटर दोन्ही हाताने लावायचं. भिंग इतकं उजेडाचं की ३००० संवेदनशीलतेचं फिल्म भरलं तर दुपारी सगळं पांढरंफटक होणार, म्हणून कंपनीने भिंगावरच्या झाकणातच एफ/९०चं सुईएवढं भोक ठेवलं. झाकण न काढता फोटो काढायचा. पॅक फिल्मच्या, म्हणजे डब्यातून सुट्या पानांनी येणाऱ्या फिल्मच्या, जमान्यातही हे घराणं चालू राहिलं: १९६५चा ‘मॉडेल १८०’, एफ/४.५च्या टोमिनॉन भिंगाचा, आणि सत्तरच्या दशकातला ‘१९५’, एफ/३.८चा. टोमिनॉन ही जपानच्या तोमिओका कारखान्याची भिंगं. कंपनी एकीकडे लोकांच्या हातातून सगळे निर्णय काढून घेत होती आणि दुसऱ्या दरवाजाने, जास्त पैसे घेऊन, तेच निर्णय काही निवडक लोकांना परत विकत होती.

‘१८०’ आणि ‘१९५’ थोडेच बनले. आज संग्राहकांच्या बाजारात त्यांचा भाव साध्या ‘ऑटोमॅटिक’च्या कितीतरी पट आहे. साधे ‘ऑटोमॅटिक’ मात्र अमेरिकेत माळ्यांवर आणि जुन्या बाजारात भरपूर सापडत. सांगाडा जवळपास तोच, भाता तोच, फिल्मचा खण तोच. मग ज्याचा हात चालतो त्याने विचार केला, दोन्हींत फरक पुढच्या चार बोटं जागेचाच तर आहे. उफराटी वाटणारी हौस इथून सुरू होते आणि तिला कंपनीच्याच इतिहासाचा दाखला आहे.

पहिली ठेच भिंग निवडतानाच लागते. नव्या माणसाला वाटतं, आपल्याकडे पडून असलेलं ५० मिलिमीटरचं एफ/१.४ बसवू, काय सुंदर फोटो येतील! पण ते भिंग ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी केलेलं. त्याचा उजेड एका वर्तुळात पडतो, आणि त्याला भरायची असलेली चौकट कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजली तर जेमतेम ४३ मिलिमीटर. पोलरॉइडच्या पॅक फिल्मवरचं चित्र ७३ गुणिले ९५ मिलिमीटरचं, त्याचा कर्ण जवळपास १२०. म्हणजे मधे एक उजळ गोल आणि भोवती काळोख. शिवाय ५० मिलिमीटरचं भिंग फिल्मपासून तेवढ्याच अंतरावर यायला हवं, तिथे तर भाता आडवा येतो. तेव्हा शोध घ्यायचा तो मोठ्या चौकटीच्या भिंगांचा: जुन्या ‘११०ए’मधलं इसारेक्स, मामियाच्या प्रेस कॅमेऱ्याचं १२७ मिलिमीटरचं सेकोर, किंवा टोमिनॉन. यातलं सेकोर तर पोलरॉइडच्या ओळखीचं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मामियाने पोलरॉइडसाठी ‘६००एसई’ हा भक्कम कॅमेरा बांधून दिला, त्यावर हेच १२७ मिलिमीटर एफ/४.७ होतं. फक्त तो कॅमेरा मिटत नाही आणि वजनाला विटेला हरवेल.

टोमिनॉन सगळ्यांत रंजक ठिकाणांहून येतात. पोलरॉइडने प्रयोगशाळा, दवाखाने, पोलीस यांच्यासाठी जवळून फोटो काढायचे खास कॅमेरे केले होते. ‘एमपी-४’ हा उभ्या खांबावरचा नक्कल काढायचा कॅमेरा, ‘सीयू-५’ हा दात, जखमा, बोटांचे ठसे टिपणारा. ओसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ टिपायलाही पोलरॉइडचे कॅमेरे होते. डिजिटल आल्यावर ही सगळी यंत्रं अडगळीत गेली आणि त्यांची उत्तम भिंगं, शटरसकट, किरकोळ पैशांत विकली गेली. आयुष्यभर दाढा आणि ठसे पाहिलेलं भिंग एकदम कुणाच्या तरी नातीसमोर येऊन उभं राहतं.

कामाला हात घातला की आधी घडी उघडून पुढचा पट्टा रुळांवर पूर्ण बाहेर ओढायचा. बॅटरीच्या खणातून भात्याच्या कडेने पुढे येणाऱ्या तारा तोडायच्या. त्या कापताना अगदी निगरगट्ट माणूससुद्धा क्षणभर थांबतो, कारण चालू स्थितीतलं शटर मारणं त्यालाही जड जातं. म्हणूनच शहाणे लोक शटर आधीच बिघडलेला कॅमेरा घेतात. मग भिंगाचा ठोकळा सोडवायचा. भात्याचं पुढचं तोंड ज्या पट्टीने धरलेलं असतं तिला धक्का लागू द्यायचा नाही, कारण भाता फाटला तर सगळंच मुसळ केरात. आता पुढच्या पट्ट्याला जे भोक दिसतं ते नव्या शटरच्या मापाचं नसतं. ‘एमपी-४’वरच्या कोपल प्रेस शटरला ४१.६ मिलिमीटरचं भोक लागतं. ज्याच्या ओळखीचा लेथवाला आहे तो अ‍ॅल्युमिनियमची चकती वळवून आणतो. ज्याच्या नाही तो अर्धगोल कानस घेऊन बसतो आणि दर दहा घासांनी शटर लावून पाहतो.

कानशीचा भुगा हा या धंद्यातला गुप्त शत्रू. तो भात्याच्या घड्यांमध्ये लपतो आणि महिनाभराने फिल्मवर येऊन बसतो. रुळांवर एखादा कण चिकटला की प्रत्येक फोटोवर ठरावीक अंतराने तोच ठिपका उमटतो, रूळ जितक्यांदा फिरला तितक्यांदा. भुग्यानंतर उजेडाची गळती. रात्री खोली काळोखी करून, पेटलेला टॉर्च कॅमेऱ्याच्या पोटात घालून बाहेरून भाता न्याहाळायचा. कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढे तारे लुकलुकले तर तिथे काळा रंग किंवा काळं कापड.

भिंग बसलं, पण ते कुठे बसलं? ११४ मिलिमीटरच्या जागी १२७ आलं म्हणजे दूरचा डोंगर स्पष्ट दिसायला भिंग फिल्मपासून साधारण १३ मिलिमीटर जास्त पुढे हवं. तेवढ्या जाडीची कडी मध्ये घालावी लागते, आणि ‘साधारण’ इथे चालत नाही. एफ/४.७ पूर्ण उघडं ठेवलं तर फिल्मच्या बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर मागेपुढे माफ असतो. म्हणून फिल्मचा रिकामा डबा घेऊन, त्यात फिल्म जिथे टेकतं नेमक्या तिथे दुधी काच चिकटवतात, कॅमेरा दूरच्या एखाद्या टॉवरकडे रोखतात आणि बारीकसारीक मोठं करून दाखवणारं लुप डोळ्याला लावून पाहतात. टॉवर उलटा दिसतो, डोक्यावर उभा. त्याच्या सळ्या कातरल्यासारख्या वेगळ्या दिसेपर्यंत कडी घासायची. एका झटक्यात जास्त घासली गेली तर ती कडी वाया.

यानंतर फोकस. ‘ऑटोमॅटिक’च्या खिडकीत डोळा लावला की माणसाची दोन चित्रं दिसतात. एक नंबरची कळ सरकवत ती एकावर एक आणली की फोकस झाला. ही खिडकी आणि पुढचा पट्टा एका दांड्याने जोडलेले आहेत, आणि त्या दांड्याची चाल ११४ मिलिमीटरच्या भिंगासाठी आखलेली आहे. तिच्यावर १२७ चढवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापावर बेतलेला सदरा घालणं. खांदे कसेबसे बसतात, बाह्या फसवतात. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दीड मीटरवरच्या माणसासाठी जुनं भिंग दूरच्या जागेपासून ९.४ मिलिमीटर पुढे सरकायचं. नव्याला त्याच माणसासाठी ११.७ हवेत. खिडकीत दोन चित्रं बरोबर जुळली, दांड्याने भिंग ९.४ मिलिमीटरच सरकवलं, तर १२७चं भिंग प्रत्यक्षात जवळपास १.८४ मीटरवर पाहत असतं. चूक ३४ सेंटिमीटरची. आणि एफ/४.७ला दीड मीटरवर स्पष्ट येणारा पट्टा असतो जेमतेम १३ सेंटिमीटर. खिडकी म्हणते चेहरा, फोटोत स्पष्ट येते ती त्याच्यामागच्या खुर्चीची पाठ. दूरच्या दृश्यात दोघं एकमेकांशी सहमत असतात, म्हणून डोंगराचे पहिले फोटो झकास येतात आणि माणूस बेसावध होतो.

यावरचे उपाय माणसागणिक वेगळे. कुणी दांड्याचा टेकू सरकवून त्याची चाल बदलतात. हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत समाधानाचं. कुणी रुळाच्या कडेला अंतराच्या खुणा कोरून खिडकी फक्त चौकट पाहण्यापुरती ठेवतात. कुणी मोडक्या ‘१८०’चं ११४ मिलिमीटरचं टोमिनॉन मिळवतात, मग सदरा अंगचाच. पण मोडका ‘१८०’ मिळणं हे चालू ‘१८०’ मिळण्यापेक्षा फार सोपं नाही.

कॅमेऱ्याबद्दल इतकं बोलल्यावर उजेडाचाही हिशेब मांडायला हवा, कारण तो या हौसेच्या अंगावर येतो. एफ/८.८वरून एफ/४.७वर आलं की साडेतीन पट उजेड आत येतो. छान. पण भर उन्हात १०० संवेदनशीलतेचं फिल्म भरून एफ/४.७ उघडं ठेवायचं तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही जलद हवं. कोपल प्रेसचं शटर १/१२५च्या पुढे जात नाही. मामियाचं १/५००वर थांबतं. कापून काढलेलं ते पोलरॉइडचं विजेचं शटर? ते १/१२००पर्यंत जायचं. म्हणजे ज्यासाठी एवढी कापाकापी केली ते उघडं छिद्र दुपारच्या उन्हात वापरताच येत नाही, आणि जे शटर ते वापरू देऊ शकलं असतं ते डब्यात पडलेलं. हे भिंग सावलीचं, खिडकीजवळचं, संध्याकाळचं. तिथे मात्र ते जे देतं ते ‘१००’ला कधीच जमत नाही: दोन्ही डोळे काठोकाठ स्पष्ट, कानांपासून मागे सगळं विरघळत गेलेलं, आणि तेही हातभर मोठ्या यंत्रात नव्हे, सहा दशकांपूर्वी सहलीला नेण्यासाठी केलेल्या घडीच्या कॅमेऱ्यात.

याच्या अगदी उलट टोकाला अँडी वॉरहॉल यांचा लाडका ‘बिग शॉट’. १९७१चा, २२० मिलिमीटर, एफ/२९चं भिंग आणि फोकस कायमचा एका मीटरच्या आसपास ठोकलेला. चेहरा स्पष्ट हवा तर फोटोग्राफरनेच पुढेमागे पावलं टाकायची. वॉरहॉलनी त्यावर शेकडो चेहरे काढले. तेव्हा चांगल्या फोटोला एफ/४.७ लागतं असं म्हणणारा तोंडावर आपटतो, हेही खरं. भिंग बदलणाऱ्याला दुसरंच काहीतरी हवं असतं: कॅमेऱ्याने त्याच्या वतीने ठरवणं थांबवावं.

आपल्याकडे पोलरॉइडशी बहुतेकांची गाठ पडली ती अर्जंट पासपोर्ट फोटोच्या दुकानात, चार भिंगांच्या कॅमेऱ्यापुढे, हनुवटी वर करून. पण मुंबईच्या जाहिरात स्टुडिओंत पॅक फिल्मचं वेगळं राज्य होतं. महागडं स्लाइड फिल्म भरण्याआधी मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीला पोलरॉइडचा खण लावायचा, एक फोटो ओढायचा, सहायकाने घड्याळाकडे बघत थांबायचं, सोलायचा आणि सगळ्यांनी दिव्याखाली डोकी घालून बघायचं. साबणाच्या वडीवर चमक जास्त पडली का? दिवा अर्धा फूट मागे घ्या. हे चाचणीचे फोटो त्या संध्याकाळी कचऱ्यात जायचे. डिजिटल पडदे आले आणि ही गरज एका फटक्यात नाहीशी झाली. हौशी लोकांच्या आनंदावर पॅक फिल्म तेव्हा चालत नव्हतंच, ते अशा स्टुडिओंवर आणि दवाखान्यांवर चालत होतं.

पोलरॉइडने फेब्रुवारी २००८मध्ये आपलं झटपट फिल्म बंद करत असल्याचं सांगितलं. नेदरलँड्समधल्या एन्स्केडेचा कारखाना काही वेड्या माणसांनी वाचवला, पण तिथे बनायचं ते पुढच्या पिढीचं, एका तुकड्यातलं, न सोलायचं फिल्म. सोलायचं पॅक फिल्म तेवढं जपानच्या फुजी कंपनीकडे उरलं. त्यातलं ३०००चं कृष्णधवल आधी गेलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत शेवटच्या रंगीत ‘एफपी-१००सी’चं उत्पादनही थांबल्याची बातमी आली. उरलेले डबे लोकांनी फ्रीजमध्ये भाजीच्या शेजारी रचले. व्हिएन्नात नंतर सोलण्याचं फिल्म एकेक पानाने पुन्हा हातांनी बनवण्याचा प्रयत्न झाला, त्याला दाद द्यावी तेवढी थोडी, पण त्यावर रोजचा कॅमेरा चालत नाही. भिंग बदलण्याची कला पिकून तयार झाली तोवर कॅमेऱ्याचं खाणं संपलं.

मग मागची बाजूही बदलायची वेळ आली. आणि इथे या गोष्टीतला सगळ्यांत गमतीचा योग येतो. १९७२च्या ‘एसएक्स-७०’पासून पोलरॉइडचं एका तुकड्यातलं फिल्म ज्या बाजूने उजेड घेतं त्याच बाजूने पाहायचं असतं. सरळ भिंगातून उजेड पाडला तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येणार, म्हणून त्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असतो. जुन्या घडीच्या कॅमेऱ्यात आरसा नाही. त्यात पोलरॉइडचं आजचं फिल्म भरलं तर शर्टाचे खिसे दुसऱ्या बाजूला जातात आणि दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत. फुजीचं इन्स्टॅक्स मात्र पाठीमागून उजेड घेतं आणि पुढून दिसतं. त्याला आरसा नको. आणि ‘इन्स्टॅक्स वाइड’ची चौकट ६२ गुणिले ९९ मिलिमीटरची, म्हणजे कर्ण ११७च्या आसपास, ११४ आणि १२७ची तीच भिंगं तिला जशीच्या तशी चालतात.

फुजीकडे ही पाठीमागून उजेड घेण्याची रीत आली ती कोडॅककडून. कोडॅकने १९७६ साली झटपट फोटोच्या धंद्यात पाऊल टाकलं आणि त्याच वर्षी पोलरॉइडने पेटंटांवरून खटला भरला. दहा वर्षांनी कोडॅकला तो धंदाच बंद करावा लागला, कॅमेरे परत घ्यावे लागले आणि १९९१मध्ये ९२ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले. तोवर फुजीने १९८१पासून ती रीत जपानात रुजवली होती. त्यातूनच पुढे इन्स्टॅक्स आलं. लँड यांचे घडीचे कॅमेरे आज चालतात ते ज्याला त्यांच्या कंपनीने कोर्टात लोळवलं त्याच्या पद्धतीवर.

इन्स्टॅक्सचा फोटो बाहेर ढकलायला मोटर लागते आणि ती मोटर, तिचे गिअर, बॅटऱ्या सगळं कॅमेऱ्याच्या पाठीवर येऊन बसतं. कुणी मोडक्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्याचं निम्मं धड कापून जोडतात, कुणी ‘११०बी’ची पाठ चार बाय पाच इंचांच्या मोठ्या चौकटीसाठी बदलून त्यावर लोमोग्राफी कंपनीचा तयार खण लावतात. त्या खणात फिल्म नेहमीच्या जागेपेक्षा मागे बसतं, म्हणजे पुन्हा कडी, पुन्हा दुधी काच. संवेदनशीलता ८००, त्यामुळे उन्हात एफ/४.७चा विचारच सोडायचा. त्यासाठी सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागाचं शटर लागेल. आणि पुढे जाडजूड भिंग, मागे मोटर, अशा कॅमेऱ्याचं झाकण बहुतेक वेळा बसत नाही. घडीचा कॅमेरा कायमचा उघडाच राहतो.

एक किरकोळ काम उरतं ते बघण्याच्या खिडकीचं. १२७चं भिंग ११४पेक्षा दृश्याची रुंदी आणि उंची सुमारे दहा टक्के कमी टिपतं, शिवाय इन्स्टॅक्सची चौकट आडवी जास्त लांब आणि उंचीला बरीच बुटकी. खिडकीत मात्र अजून १९६३चीच चौकट दिसते. त्यामुळे खिडकीच्या काचेवर वरून आणि खालून काळ्या चिकटपट्टीच्या बारीक फिती लावाव्या लागतात, दोन-चार फोटो वाया घालवून त्यांची जाडी ठरवावी लागते. फिती नीट बसल्या नाहीत की घरच्या समारंभात मागच्या रांगेतल्या उंच नातेवाइकांची डोकी उडतात, आणि त्यांना दुसऱ्यांदा उभं करायचं तर डब्यात उरलेली पानं मोजून पाहावी लागतात.